पाचवं गाणं आणि काकांचा भोंगा

संध्याकाळी बसमधून उतरले की फाट्यापासून गावापर्यंत कालव्याच्या कडेनं चालत यावं लागतं. दिवस कलला की शिवारात भोंगे सुरू होतात. आधी कुणाचा तरी एक, मग त्याच्या पलीकडचा, मग कालव्याच्या त्या अंगाचा. सगळ्यांवर एकच गाणं असतं, पण कुणाचं पुढं गेलेलं, कुणाचं मागं राहिलेलं. त्यामुळे माझ्या दादाचा आवाज चारी बाजूंनी, पण कुठंच एकसारखा नाही असा येतो. तो गात नाही, ओरडतो. गिटार किंचाळते, मधेच हळदीच्या ड्रमचा खडखडाट येतो. माझ्याबरोबर उतरणाऱ्या बायकांना आता त्याचं काही वाटत नाही. एखादी म्हणते, "चला वं, लागलं डुकराचं. उशीर झाला."

ते डुकराचं नाही. ते एका अल्बममधलं सातवं आणि शेवटचं गाणं आहे. पण हे मी त्या बायकांना कधी सांगितलं नाही. कसं सांगावं ते मला कळत नाही.

दादा म्हणजे माझ्या काकांचा मुलगा. आमची दोन घरं, अंगण एक. दोन्ही घरांत कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे जे कुणाला समजत नाही ते मला समजत असेल असं सगळे धरून चालतात. बँकेतला मेसेज, औषधाच्या बाटलीवरचं, दादाचं गाणं, सगळं माझ्याकडे येतं.

दादा बारावीनंतर वसमतला एका साऊंडवाल्याकडे कामाला लागला. वरातीला बॉक्स चढवायचे, उतरवायचे, जळालेली वायर जोडायची. तिथं कुणाच्या तरी पेन ड्राईव्हमध्ये त्याला एक इंग्रजी रॉकचा अल्बम सापडला. त्याचे शब्द त्याला कळत नव्हते. मलाही ऐकवला, मलाही फारसे कळले नाहीत. मला वाटलं गाणारा आजारी आहे. दादा म्हणाला, "येडे, बेसूर न्हाई ते. त्यानं मुद्दाम केलंय." मग तो जुनी गिटार घेऊन आला आणि पुढची दोन वर्षं आमच्या अंगणातल्या कोंबड्यांनी सुखाचा श्वास घेतला नाही.

त्याचा स्वतःचा अल्बम त्यानं एका उन्हाळ्यात आमच्या टिनाच्या शेडमध्ये केला. हळद शिजवून वाळवून झाली होती आणि पॉलिशच्या ड्रममध्ये फिरत होती. तो लोखंडी ड्रम फिरताना आत हळकुंडं एकमेकांवर आपटतात, त्या आवाजाला एक चाल असते. दादा म्हणाला, आपल्याकडे ढोलवाला नाही, हाच ढोल. साऊंडवाल्याचा माईक आणला, माझ्या मैत्रिणीच्या भावाचा लॅपटॉप आणला. मी माईक धरून बसायचे. हळदीच्या धुराळ्यानं माझे केस, दादाची गिटार, लॅपटॉपची बटणं, सगळं पिवळं झालं होतं. आई म्हणाली, दोघांचंही लगीन लागल्यावानी दिसून राह्यलंय.

अल्बमचं नाव 'थ्री फेज'. आमच्याकडे शेतातल्या मोटारीला लागते ती लाईट. ती एका आठवड्यात दिवसा असते, एका आठवड्यात रात्री, आणि सांगितलेल्या वेळी येईलच असं नाही. सात गाणी मिळून त्या लाईटची वाट पाहण्याचा एक दिवस होतो. एका गाण्यात दादा आमच्या शिवारातल्या वावरांची नावं नुसती म्हणत जातो. एकात फक्त गिटार आणि कालव्याचं पाणी आहे. सातव्यात लाईट येते, आणि तो ओरडतो. आजोबा वावरातल्या राखणीच्या माळ्यावर उभे राहून ज्वारीवरची पाखरं हाकलायला जी आरोळी द्यायचे, तीच त्यानं घेतली आणि गिटारीच्या किंचाळण्यात घातली.

आणि पाचव्यात काका आहेत.

त्यांना ते माहीत नव्हतं. एका दुपारी ते मोटारीच्या खोलीपाशी उभे राहून शेजारच्या वावरातल्या आप्पांना हाका मारत होते. "आली काऽऽ?" पलीकडून यायचं, "न्हाईऽऽ." थोड्या वेळानं पुन्हा, "आली काऽऽ?" दादानं खोलीमागं बसून मोबाईलवर ते सगळं टिपलं. आप्पांची उत्तरं काढून टाकली. काकांचा आवाज जरासा संथ केला आणि खाली एकच तार वाजवत ठेवली. ते गाणं ऐकताना पहिल्यांदा मला हसू आलं होतं आणि मग यायचं थांबलं. काका विचारतात, आणि कुणीच काही म्हणत नाही. पुन्हा विचारतात.

"सांगायचं न्हाई," दादा मला म्हणाला.

"काहून? खूश होतील की."

"सांगितल्यावर ऐकतील ते ऐकणं न्हाई. आपल्या हातानं लावतील, पयल्यापासून ऐकत येतील, पाचव्याला येतील, तवा कळंल त्यायला. मग मी दुसरा अल्बम करतो. न्हाई तर न्हाई."

मी हो म्हणाले. त्या वेळी मला वाटलं, पाच गाणी ऐकायला असा कितीसा वेळ लागणार आहे.

अल्बम नेटवर टाकला. साऊंडवाला म्हणाला, ह्यावर वरात नाचणार न्हाई. मित्रांनी अंगठे पाठवले. काका पहिलं गाणं सुरू झाल्यावर म्हणाले, "मोबाईल बिघडला का रं?" आणि उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. पहिल्या गाण्यात मोटारीच्या स्टार्टरची घरघर आहे, ती खरंच बिघाडासारखी वाटते. दादानं पुन्हा लावलं नाही. मी दोनदा प्रयत्न केला. एकदा काका म्हणाले सोयाबीन काढून झाल्यावर ऐकू, आणि एकदा ऐकता ऐकता त्यांना झोप लागली. तिसऱ्या गाण्यात.

मग कुठूनसं लांबून कुणीतरी त्या अल्बमवर इंग्रजीत लिहिलं. तो कोण, कुठला, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. दादा मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. "वाच. चांगलं म्हणतो का वाईट?"

मी डिक्शनरी घेऊन बसले. मला इंग्रजी वाचता येतं, पण परीक्षेचं येतं. हे वेगळंच होतं. वाक्य एका टोकाला कौतुकानं सुरू व्हायचं आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मला शंका यायची. विचित्र म्हणतोय, पण रागानं नाही. ड्रमच्या आवाजाबद्दल लिहिलं होतं, हे कोणतं वाद्य असेल असं विचारलं होतं. आणि पाचव्या गाण्याबद्दल एक पूर्ण परिच्छेद होता. त्यात एक माणूस कशाची तरी वाट पाहतोय, भाषा कळत नाही, पण मी त्याच्याबरोबर वाट पाहत बसलो, असं काहीतरी होतं.

"एवढं मोठं लिवलंय आणि तू दोनच ओळी सांगून राहिलीस," दादा म्हणाला.

"मला एवढंच लागलं."

"बी.ए.ला काय शिकवतात मग?"

तो चेष्टा करत होता, पण मला रडू आलं. मग त्यानं तो पाचव्याचा परिच्छेद मला तीनचार वेळा सांगायला लावला. म्हणाला, "पाह्य. त्या माणसाला भाषा येत न्हाई तरी कळलं." आणि काका त्या वेळी अंगणातच दोरी वळत बसले होते.

त्यानंतर कुठल्या कुठल्या पोरांचे मेसेज यायला लागले. एकानं घरच्या पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावर गाणं केलं होतं आणि दादाला पाठवलं होतं. एका मुलीनं तिच्या आजीचं भांडण घेतलं होतं. सगळ्यांनी लिहिलेलं की तुमचं ऐकून केलं. ते दिवस दादाचे चांगले गेले. एका रात्री जेवताना त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या, काकूनं ते बोलूनही दाखवलं.

पुढं हिवाळ्यात काकांच्या भुईमुगात रानडुकरं शिरायला लागली. ती दिवसा उसात असतात आणि अंधार पडला की कालव्याच्या बाजूनं येतात. एका रात्रीत एवढं उकरतात की सकाळी वाटतं कुणी नांगर घातला. दादानं काकांसाठी भोंगा बनवला. बॅटरी, टायमर, मेमरी कार्ड. कार्डात कुत्र्यांचं भुंकणं टाकलं. पण त्याच कार्डात अल्बम होता, आणि भुंकणं संपल्यावर भोंगा थांबायचा तो थांबला नाही, पुढं गेला. कोणत्या का क्रमानं असेल, त्यानं सातवं लावलं.

दुसऱ्या दिवशी काका घरी आले ते हसतच. "आरं, कुत्र्याला भेलीच न्हाईत. तुझं गाणं लागलं आन् अशी पळाली, अशी पळाली! एक तर कालव्यात पडलं."

काकूनं विचारलं, "कोणतं गाणं?"

"ते वरडायचं."

दादा चहा पीत होता. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. चहा सांडला.

काकांनी मग दादाकडून कुत्री काढून टाकायला लावली आणि सातवं एकटंच फिरत राहील असं करून घेतलं. आठवडाभरात आप्पांनी मागून नेलं. मग आप्पांच्या जावयानं. हट्टा गावात एक चाचा भोंगे आणि बॅटऱ्या विकतात. त्यांचे आजोबाही त्याच आळीत कंदील दुरुस्त करायचे. मी काकांबरोबर बॅटरी घ्यायला गेले तर चाचांनी मला बसायला स्टूल दिलं. "बेटी, तुमारे भाई का नंबर सात मैं हर भोंगे में डालके देतूं. लोगां आके बोलते, चाचा, वो डुक्करवाला हाय ना? बराबर काम करतंय, तकलीफ न्हाई." मी विचारलं, बाकीची गाणी? चाचांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "बाकी में क्या हाय, बेटा?"

दादाला हे सांगितलं तेव्हा तो हसला. खरंच हसला, खोटं नाही. म्हणाला, "चल, ऐकतेत तरी." पण सातव्याच्या आधी सहा नसतील तर ती नुसती आरोळी आहे, हे त्याला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. ज्यानं वाट पाहिली नाही त्याला लाईट आल्याचं काय. आणि आता काकांना अल्बम ऐका म्हणायची सोयही राहिली नव्हती. म्हटलं की ते म्हणायचे, "रोजच तर ऐकून राहिलो की, माय!"

उन्हाळ्यात दादासाठी मुलगी पाहायला आम्ही डोंगरकडा गावाला गेलो. मला नेलं कारण मी शिकलेली. पोहे झाले, शेती किती, पाणी कुठलं, हे झालं. मग मुलीचे चुलते मिशीवर हात फिरवत म्हणाले, "पाव्हणं, ते रानडुकराचं गाणं तुमच्याकडचंच म्हणं?"

काका अभिमानानं म्हणाले, "ह्या पोराचंच हाय."

मग आतून, पडद्यामागून, बायकांचा हसण्याचा आवाज आला आणि तो लवकर थांबेना. चुलते हसू आवरत, पोहे गिळत म्हणाले, "न्हाई, गुण हाय. आमच्या केळीत बी लावलंय की आमी. पण घरात नगं म्हणावं लावायला. पोरगी पळून यील इकडं!"

मग माझ्याकडे वळून, जरा गंभीरपणे, "तुमी कालेजात हाव. तुमी सांगा बरं, ते हाय काय नेमकं?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. दादाही. मला वाटतं माझ्या आयुष्यात मला विचारलेला तो सगळ्यात सोपा प्रश्न होता. मी म्हणाले, "ते... त्याच्याआधी अजून सहा गाणी आहेत." चुलत्यांनी मान डोलावली, जशी लहान लेकराच्या बोलण्यावर डोलावतात. सोयरीक झाली नाही. त्याचं कारण दुसरंही असेल.

येताना जीपमध्ये दादा पाठीमागं बसला होता. मी काकांना पाचव्याचं सांगून टाकू का, असं त्याला हळूच विचारलं. तो म्हणाला, "तू वचन दिलंयस."

दिवाळीनंतर तो पुण्याकडे एका कंपनीत लागला. गिटार शेडमध्ये हळदीच्या पोत्यांमागं ठेवली, उंदरांनी कुरतडू नये म्हणून वर पत्रा टाकला. जाताना काकांच्या पाया पडला. काका म्हणाले, "बॅटरीचं कनेक्शन दाखवून जा." त्यानं दाखवलं.

तो दर रविवारी फोन करतो. आधी काकूशी बोलतो, मग माझ्याशी. शेवटी एकच विचारतो, "पाचवं?" मी म्हणते, "न्हाई अजून." मग तो फोन ठेवतो.

या हिवाळ्यात एक नवीन गोष्ट झाली. डुकरं सातव्याला भ्यायची थांबली. आधी आप्पांच्या वावरात, मग आमच्या. काका सकाळी येऊन अंगणात बसले. "रुळली ती. गाणं चालू हाय आन् भोंग्याखाली उकरून राह्यलीत. मजेत." मग मला म्हणाले, "माय, त्याचंच दुसरं काही हाय का त्या कार्डात? एकेक लावून पाहू."

मी म्हणाले, "पहिल्यापासून लावा, काका. ओळीनं."

"ओळीनं कशाला? एका रातीला एक. कोणतं लागू पडतं ते कळलं पाह्यजे."

मी कार्ड लावून द्यायला शिकले होते. पहिल्या रात्री पहिलं लावलं. काका म्हणाले, नुसती घरघर, डुकरांना वाटलं ट्रॅक्टर. दुसऱ्या रात्री दुसरं. वावरांची नावं ऐकून काका म्हणाले, "आपलं कालव्याकडचं बी घेतलंय की त्यात!" आणि दिवसभर खुशीत होते. मी हे दादाला कळवलं नाही. मला पाचव्यापर्यंत थांबायचं होतं. तिसऱ्याला फरक पडला नाही, चौथ्याला पडला नाही. काका रोज माळ्यावर झोपायचे, भोंग्याच्या अगदी खाली. पाचव्या दिवशी मी कार्ड लावून दिलं आणि घरी आले. जेवण गेलं नाही.

सकाळी मी कॉलेजला गेले नाही. अंगण झाडत राहिले. काका यायच्या आधी आप्पाच आले, तावातावानं.

"कुठं गेलाय हा? रातभर बोंबलून राह्यला होता. आली का, आली का! मी म्हणलं लाईट आली का पुसतोय, तीनदा उठून मोटार पाहून आलो. थंडीचं!"

तेवढ्यात काका आले. "मी न्हाई वरडलो. मी आडवा पडलो होतो. भोंग्यावरचं गाणं होतं ते, पोराचं."

"गाणं कसलं? आवाज तुझा होता."

"हॅट! माझा आवाज असा घोगरा हाय?"

"मंग काय कोकिळा हायेस?"

काकू दारात येऊन हसायला लागली. काका हसले नाहीत. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, खांद्यावरचं घोंगडं काढायचं विसरून. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "माय, तूच सांग. माझा आवाज हाय का त्यो?"

झाडू माझ्या हातात होता. एक शब्द म्हणायचा होता. पण दादा म्हणाला होता, सांगितल्यावर ऐकतील ते ऐकणं नाही. आणि त्यांनी तर ऐकलं होतं, रात्रभर, भोंग्याखाली. मला वाटलं, आता कळेलच, अजून थोडं थांबलं तर कळेल. मी म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं, काका?"

काकांनी विचार केला. खरंच केला, डोळे बारीक करून.

"न्हाई," ते म्हणाले. "दुसरंच कोणी म्हातारं हाय. लाईटची वाट पाहून राह्यलंय बिचारं. बराबर बोलतोय माणूस, पण डुकरं न्हाई भेत."

त्या संध्याकाळी त्यांनी मला पुन्हा सातवं लावून द्यायला सांगितलं.

"पण त्याला तर भीत नाहीत ना आता?"

"न्हाई भेली तर न्हाई. त्याच्याबिगर झोप लागत न्हाई मला. वावरात कोणी हाय असं वाटतं."

रविवारी दादाचा फोन आला. काकूचं बोलणं झालं, मग माझ्याकडे फोन आला. मागं कुठल्या तरी मशीनचा आवाज होता.

"पाचवं?"

"ऐकलं," मी म्हणाले.

मशीनचा आवाज लांब गेला. तो बाहेर आला असावा. "काय म्हणले?"

मी अंगणात होते. काका बैल बांधत होते, माझं बोलणं त्यांच्या कानावर जात होतं. "बराबर बोलतोय माणूस, म्हणले."

दादा हळूच म्हणाला, "आणि?"

"मग सातवंच परत लावलं."

"डुकरं भेतात का अजून?"

"न्हाई. रुळली. काका म्हणतात, त्याच्याशिवाय झोप येत नाही. वावरात कोणी आहे असं वाटतं म्हणतात."

त्याला काय वाटलं असेल, काकांनी स्वतःला ओळखलं, पण नेहमीसारखंच ते बोलून दाखवलं नाही, असंच ना? मी ते तसंच राहू दिलं. खरं कोणत्या शब्दांत सांगायचं, ते मला आत्ताही येत नाही.

"बरं," तो म्हणाला. "अभ्यास कर."

आणि फोन ठेवला. दुसऱ्या अल्बमचं त्यानं काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. कालव्याच्या त्या अंगाला आप्पांचा भोंगा सुरू झाला होता. काकांनी दावं ओढून गाठ पक्की केली, घोंगडं घेतलं आणि ते वावराकडे निघाले.